कॅथीचा आवाज कोणाचा होता?

'सिंगिंग इन द रेन' या जुन्या हॉलिवूड संगीतपटाच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. नाट्यगृह गच्च भरलंय. मूकपटांच्या जमान्यातली लाडकी नटी लीना लॅमाँट माइकसमोर गातेय आणि लोक माना डोलावताहेत. तिच्या पाठीमागच्या पडद्याआड कॅथी सेल्डन नावाची होतकरू मुलगी दुसऱ्या माइकसमोर उभी आहे. ओठ लीनाचे, गळा कॅथीचा. विंगेतले तिघं जण दोरी ओढतात, पडदा वर जातो आणि भरल्या सभेत खरं काय ते दिसतं. कॅथी शरमून प्रेक्षकांमधून पळत सुटते. तेव्हा नायक डॉन रंगमंचावरून ओरडून सांगतो, त्या मुलीला थांबवा, आज तुम्हाला आवडलेला आवाज तिचा आहे. हा प्रसंग मी कितीही वेळा पाहिला तरी तिथे डोळे भरून येतात. कष्ट एकाचे आणि टाळ्या दुसऱ्याला, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिलेली असते. इथे निदान पडद्यावर तरी न्याय होतो.

मग डॉन आणि कॅथी मिळून गातात. डॉनचा आवाज त्याची भूमिका करणाऱ्या जीन केलीचा. कॅथीचा आवाज मात्र तिची भूमिका करणाऱ्या डेबी रेनल्ड्सचा नाही. तो बेटी नॉइज या गायिकेचा आहे. त्याआधी कॅथी लीनासाठी म्हणून 'वुड यू' गाते, तिथेही बेटी नॉइजच गातात. म्हणजे आवाजाच्या मालकिणीला लोकांसमोर आणणारा जगातला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग संपतो न संपतो तोच एका दुसऱ्या मालकिणीचा आवाज सुरू होतो, आणि तिच्यासाठी कुणी दोरी ओढलेली नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत बेटी नॉइज हे नाव नाही.

मला हे खटकतं, आणि केवळ जुनी हळहळ म्हणून खटकत नाही. कलाकाराचं नाव पडद्यावर येणं ही कुणाची मेहेरबानी असावी की त्याचा हक्क, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. माझं म्हणणं सरळ आहे: ज्याचा आवाज, ज्याचे पाय, ज्याची कला प्रेक्षकापर्यंत पोचली, त्याचं नाव पोचलंच पाहिजे, आणि ते कुणाच्या चांगुलपणावर सोडता कामा नये. या चित्रपटाइतका त्याचा पुरावा मला दुसरीकडे सापडत नाही, कारण इथे चांगुलपणाची कमतरता नव्हती.

आधी हा चित्रपट कुणी केला ते पाहू. मेट्रो-गोल्डविन-मेयर या स्टुडिओत आर्थर फ्रीड हे निर्माते संगीतपटांचा स्वतंत्र विभाग चालवत. ते मूळचे गीतकार. नॅसिओ हर्ब ब्राउन यांच्या चालींवर त्यांनी विसाव्या शतकाच्या विशी-तिशीत लिहिलेली गाणी स्टुडिओच्या मालकीची होती. या गाण्यांभोवती एक गोष्ट गुंफा, असं त्यांनी बेटी कॉम्डन आणि अडॉल्फ ग्रीन या लेखक जोडीला सांगितलं. गाणी ज्या काळातली त्याच काळात गोष्ट नेली तर ती शोभतील, हे या दोघांनी ओळखलं. म्हणून कथा १९२७ मध्ये गेली, 'द जॅझ सिंगर' हा बोलपट आला आणि मूकपटांचं अवघं जग हादरलं त्या वर्षात. दिग्दर्शन जीन केली आणि स्टॅन्ली डोनन यांचं. छायालेखक हॅरल्ड रॉसन, 'द विझर्ड ऑफ ऑझ' टिपणारे. वेशभूषा वॉल्टर प्लंकेट यांची. संकलन एड्रिएन फझान या बाईंचं, ज्यांना पुढे 'जीजी'साठी ऑस्कर मिळालं. संगीत दिग्दर्शन लेनी हेटन यांचं. १९५२ च्या वसंतात चित्रपट लागला.

यातलं प्रत्येक नाव पडद्यावर आहे. गाण्यांचं वाद्यसंयोजन करणाऱ्या कॉनराड सॅलिंजर, वॉली हेग्लिन आणि स्किप मार्टिन यांची नावं आहेत. केशरचना करणारे सिडनी गिलारॉफ आणि रंगभूषाकार विल्यम टटल यांची आहेत, आणि ती असायलाच हवीत. स्टुडिओला नावं द्यायची सवय नव्हती किंवा पाट्यांवर जागा नव्हती, असं म्हणायची सोय उरत नाही. ज्यांचा उल्लेख राहिला त्यांचा तो ठरवून राहिला.

कला दिग्दर्शक म्हणून सेड्रिक गिबन्स आणि रँडल ड्यूएल अशी दोन नावं आहेत. गिबन्स यांच्या १९२४ च्या करारातच अट होती, की अमेरिकेत निघणाऱ्या स्टुडिओच्या प्रत्येक चित्रपटावर कला दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव लागेल. त्यामुळे हजाराहून अधिक चित्रपटांवर त्यांचं नाव झळकलं, जरी प्रत्यक्ष हात त्यातल्या थोड्यांनाच लागला होता. गिबन्स मोठे कलावंत होते, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण एका बाजूला न केलेल्या कामावरही लागणारं नाव आणि दुसऱ्या बाजूला केलेल्या कामावरही न लागणारं नाव, ही दोन्ही एकाच स्टुडिओची रीत होती. श्रेयनामावली म्हणजे कामाची नोंद, अशी आपली भाबडी समजूत असते. प्रत्यक्षात ती सौद्याची नोंद असते. ज्याला सौदा करता आला त्याचं नाव लागलं.

नृत्याचंही तसंच. नृत्यांचं सगळं श्रेय केली आणि डोनन यांच्याकडे आहे. केली यांच्या शेजारी तालमीत रात्रंदिवस उभ्या असलेल्या कॅरल हेनी आणि जीन कॉइन या साहाय्यिका श्रेयनामावलीत नाहीत. पावलं बसवून घेणं, नवख्या कलाकाराला ती शिकवणं, मोजत राहणं, चुका हेरणं हे त्यांचं काम. कॅरल हेनी यांना नाव मिळालं ते ब्रॉडवेवर गेल्यावर, 'द पजामा गेम'साठी १९५५ चं टोनी पारितोषिक मिळालं तेव्हा. खुद्द ऑस्करमध्ये नृत्यदिग्दर्शनाचं पारितोषिक १९३५ ते १९३७ एवढी तीनच वर्षं दिलं गेलं आणि बंद झालं, ते आजतागायत. आपल्याकडे 'तेजाब'मधल्या 'एक दो तीन'नंतर फिल्मफेअरने नृत्यदिग्दर्शनाचं पारितोषिक सुरू केलं आणि पहिलं सरोज खान यांना दिलं. पायांना नाव देण्यात आपण हॉलिवूडच्या पुढे आहोत.

आता, या लोकांना खलनायक ठरवावं असं मला अजिबात वाटत नाही. या चित्रपटासाठी माणसांनी शरीरं झिजवली. मुख्य गाण्याच्या चित्रीकरणात केली यांच्या अंगात १०३ अंश ताप होता, असं ते सांगत. डॉनच्या मित्राची भूमिका करणाऱ्या डॉनल्ड ओ'कॉनर यांनी भिंतीवर धावत जाऊन कोलांट्या मारण्याचं ते नृत्य करून अंथरूण धरलं, आणि फिल्म खराब झाल्यामुळे पुन्हा उभं राहून सगळं केलं. डेबी रेनल्ड्स एकोणीस वर्षांच्या होत्या. व्यायामाचे खेळ येत होते, नृत्य येत नव्हतं. केलींच्या कडकपणाने त्या एकदा पियानोखाली बसून रडत होत्या, तेव्हा प्रख्यात नर्तक-नट फ्रेड अॅस्टेअर यांनी त्यांना आपली तालीम पाहायला नेलं. या कामातला त्रास मोठ्यांनाही चुकत नाही, हे त्या मुलीला तिथे दिसलं. 'गुड मॉर्निंग' हे गाणं सकाळपासून रात्री उशिरापर्यंत चाललं आणि त्यांच्या पायांतून रक्त आलं. त्या गाण्यात आवाजही त्यांचाच आहे. म्हणून बेटी नॉइज यांचं नाव लपवण्याचं पाप डेबींच्या पदरी बांधू नये. त्यांच्या आवाजाऐवजी दुसरा आवाज घ्यायचा, हे ठरवणारे दुसरेच होते.

चित्रपटातली आणखी एक गंमतीची गुंतागुंत इथे सांगायला हवी, कारण तीत एका गुणी नटीचं मोठेपण आहे. कथेत लीनाचा आवाज कर्कश आणि गावठी आहे, म्हणून तिच्या संवादांवर कॅथीचा सुसंस्कृत आवाज चढवला जातो. तिथे प्रत्यक्षात ऐकू येतो तो लीनाची भूमिका करणाऱ्या जीन हेगन यांचाच मूळचा, नितळ आवाज. म्हणजे जीन हेगन डेबी रेनल्ड्ससाठी बोलतात, आणि त्या डेबी जीन हेगनसाठी बोलत असल्याचं आपल्याला दाखवलं जातं. स्वतःचा गोड आवाज मोडून तो किरटा आवाज अख्खा चित्रपटभर टिकवणं ही किती अवघड गोष्ट! सहायक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी त्यांचं नामांकन झालं होतं, पुरस्कार मिळाला नाही.

असे प्रामाणिक, जीव ओतणारे लोक एकत्र आले, आवाजाच्या चोरीवरच गोष्ट रचली, आणि तरीही एक आवाज निनावी राहिला. यावरूनच मी म्हणतो, की भल्या माणसांच्या भलेपणावर हा प्रश्न सोपवून चालत नाही.

पुढच्या दशकात मार्नी निक्सन यांच्या वाट्याला हेच आलं. 'द किंग अँड आय'मध्ये (१९५६) डेबोरा कर, 'वेस्ट साइड स्टोरी'मध्ये (१९६१) नॅटली वूड, 'माय फेअर लेडी'मध्ये (१९६४) ऑड्री हेपबर्न, या तिन्ही नायिकांचा गाता गळा निक्सन यांचा. तिन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव नव्हतं. पहिल्या चित्रपटाच्या वेळी तर हे बाहेर फुटलं तर या शहरात पुन्हा काम मिळणार नाही, असं बजावण्यात आल्याचं त्यांनी नंतर सांगितलं. ते फोडलं कुणी? डेबोरा कर यांनीच. त्यांनी मोकळेपणाने निक्सन यांचं नाव घेतलं. 'वेस्ट साइड स्टोरी'च्या वेळी संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन यांनी आपल्या मानधनाच्या हिश्श्यातला पाव टक्का निक्सन यांना दिला. दोघांच्याही दिलदारपणाला नमस्कार. पण स्टुडिओने द्यायचं ते एका सहकलावंताने आपल्या खिशातून द्यावं लागलं, हे विसरू नये. बेटी नॉइज यांना कुणी बर्नस्टाइन भेटला नाही.

लपवाछपवीने ज्यांचं नाव मोठं ठेवायचं होतं त्यांचंही नुकसानच झालं. नॅटली वूड यांनी सगळी गाणी स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केली होती, आणि आपला आवाज वापरला जाणार नाही हे त्यांना आधी स्पष्टपणे सांगितलंच नव्हतं. ऑड्री हेपबर्न यांनीही गाण्याचे धडे घेतले, मेहनत केली. एका गाण्यात तर सुरुवात त्यांची आणि पुढचा तार सप्तकातला भाग निक्सन यांचा आहे. 'माय फेअर लेडी'ला बारा नामांकनं मिळाली, आठ ऑस्कर मिळाली. हेपबर्न यांचं साधं नामांकनही झालं नाही. दुसऱ्याच्या गळ्यावर भूमिका केली, अशी कुजबुज तेव्हा होतीच. काम उघडपणे वाटून दिलं असतं, तर लोकांनी अभिनयाला अभिनय म्हणून आणि गाण्याला गाणं म्हणून तोललं असतं. झाकून ठेवलं म्हणूनच ती फसवणूक वाटली.

नाव न देण्याच्या बाजूने तेव्हाचा आणि आजचाही मुख्य युक्तिवाद एकच: प्रेक्षकाचा भ्रम मोडेल. पडद्यावरची नायिका गात नाही हे कळलं, तर लोक तिच्यात रमणार नाहीत. या युक्तिवादाला उत्तर द्यायला मराठी माणसाइतका योग्य साक्षीदार कोण असेल? १९४९ साली 'महल' आला. 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. हे गाणं कोण गातंय, अशी विचारणा करणारी पत्रं रेडिओकडे येऊ लागली आणि शेवटी लता मंगेशकर हे नाव सांगावं लागलं. त्यानंतर लतादीदींनी नावासाठी जो आग्रह धरला तो आपल्याला ठाऊक आहे. पार्श्वगायनाला पारितोषिक नाही, म्हणून फिल्मफेअर समारंभात 'रसिक बलमा' गायला त्यांनी नकार दिला, तो गाणाऱ्या प्रत्येक गळ्यासाठी होता. १९५९ पासून ते पारितोषिक सुरू झालं आणि पहिलं त्यांनाच मिळालं, 'मधुमती'मधल्या 'आजा रे परदेसी'साठी.

मग भ्रम मोडला का? आवाज लताचा आहे हे गल्लीतल्या पोरापर्यंत सर्वांना ठाऊक झालं, म्हणून मधुबालेवरून कुणाची नजर हटली का? वैजयंतीमालेच्या डोळ्यांतलं आर्त लोकांना खोटं वाटलं का? उलट आपला प्रेक्षक एकाच गाण्याला दोनदा दाद द्यायला शिकला, एकदा चेहऱ्याला आणि एकदा गळ्याला. पाऊणशे वर्षं कोट्यवधी लोकांनी रोज सिद्ध केलेली ही गोष्ट आहे. हॉलिवूडच्या निर्मात्यांना ज्याची भीती वाटत होती ते घडतच नाही. रसिकाला सत्य पेलतं.

मात्र इथे थांबून स्वतःकडे पाहायला हवं. आपण गळ्याला नाव दिलं, पण वाद्यवृंदाचं काय? गोव्यातून आलेल्या वादकांनी आणि वाद्यसंयोजकांनी हिंदी गाण्याला त्याचं भरीव, वाद्यांनी गजबजलेलं रूप दिलं. शंकर-जयकिशन यांच्या रचना वाद्यांसाठी लिहून काढणारे सेबॅस्टियन डिसूझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, किती म्हणून सांगावेत. तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार असत, संयोजक नसे. कोरसमध्ये गाणाऱ्या बायका-पुरुषांना तर रेडिओने एका शब्दात गुंडाळलं: 'और साथी'. त्या साथींची नावं घरच्यांना तेवढी माहीत. तिकडे मेट्रो-गोल्डविन-मेयरने सॅलिंजर यांचं नाव पडद्यावर दिलं आणि गायिकेचं गाळलं. इकडे आपण गायिकेचं दिलं आणि आपल्या सॅलिंजरांचं गाळलं. एकाच प्रकारच्या कामाला एका देशात नाव मिळतं आणि दुसऱ्या देशात मिळत नाही, याचा अर्थ नाव देणं अशक्य कुठेच नसतं. फक्त प्रथा असते, आणि प्रथेमागे कुणाचा तरी फायदा.

प्रथेचा हा फायदा आपल्या कायद्यातही शिरलेला आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ मध्ये कलाकारांचे हक्क आले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ ब आलं. या कलमाने कलाकाराला आपल्या कामाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क दिला. मोठं पाऊल होतं ते. पण त्याच कायद्यात कलाकाराची व्याख्या करताना एक परंतुक घातलं आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि व्यवसायाच्या नेहमीच्या रीतीप्रमाणे ज्याचा श्रेयनामावलीसकट कुठेच उल्लेख होत नाही, तो कलाकार धरला जाणार नाही. अपवाद फक्त त्याच्या कामाची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा. याचा अर्थ काय होतो पाहा. नाव का मिळत नाही, तर रीत नाही म्हणून. हक्क का नाही, तर नाव नाही म्हणून. कोरसमधला गायक, मागच्या रांगेतला नर्तक, चार वाक्यांचं डबिंग करणारा आवाज यांच्याभोवती हे वर्तुळ आवळलेलं आहे. कायद्याने प्रथेला शिस्त लावायची. इथे कायदाच प्रथेचं बोट धरून चालतो. हे परंतुक काढून टाकावं, किमानपक्षी त्यातला रीतीचा आधार तरी काढावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता हे आणखी निकडीचं झालंय, कारण यंत्राला आवाजाची नक्कल करता येऊ लागली आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या चित्रपट-दूरचित्रवाणी कलाकारांच्या संघटनेने ११८ दिवस संप केला, त्यात संमतीशिवाय चेहऱ्याची आणि आवाजाची यांत्रिक प्रत करण्याचा मुद्दा अग्रभागी होता. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची नक्कल करणाऱ्यांना अंतरिम आदेशाने रोखलं. अरिजित सिंग न्यायालयात जाऊ शकले, कारण तो आवाज त्यांचा आहे हे साऱ्या देशाला ठाऊक आहे. जिचं नाव कुठेच नोंदलेलं नाही ती गायिका कोणत्या कागदाच्या बळावर उभी राहील? ज्या आवाजाला नाव नाही, त्याला नाही म्हणण्याचीही सोय नाही.

श्रेयनामावली आधीच लांबलचक झाली आहे, कोण वाचतं, असं काहीजण म्हणतात. मी वाचतो. दिवे लागल्यावर पाठीमागून खुर्च्यांचा खडखडाट होत असतानाही उभा राहून वाचतो, आणि माझ्याबरोबर दरवेळी दोन-चार माणसं तरी थांबलेली असतात. त्यांच्यापैकी कुणी त्या यादीतल्याच्या घरचंही असेल. बाकीच्यांनी वाचलं नाही तरी नोंद राहते. जमिनीचा सातबारा रोज कुणी वाचत बसत नाही, म्हणून त्यावरचं नाव गाळून चालतं का?

'सिंगिंग इन द रेन'ची मूळ निगेटिव्ह १९७८ मधल्या आगीत जळाली. तरीही तज्ज्ञांनी उरलेल्या साधनांतून चित्रपट पुन्हा उजळला, आणि सत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा, २०२२ मध्ये, त्याची अत्यंत स्वच्छ नवी प्रत बाजारात आली. पावसाचा थेंब न् थेंब दिसतो, केलींच्या भिजलेल्या कोटाचा पोत दिसतो. रंग दुरुस्त होतात, आवाजातली खरखर काढता येते. तर मग नावंही दुरुस्त करता येतील. मूळ पाट्यांना हात लावू नका, तो इतिहास आहे. चित्रपट संपल्यावर एक नवी पाटी जोडा, जुन्या चित्रपटांच्या प्रत्येक पुनरुज्जीवित प्रतीला जोडा, आणि आपल्याकडे 'साथी' म्हणून गेलेल्या जितक्या जणांची नावं ध्वनिमुद्रणाच्या वह्यांत आणि हयात वादकांच्या आठवणीत शिल्लक आहेत, तेवढ्यांसाठीही जोडा. या चित्रपटापुरती ती पाटी अशी असेल: कॅथीची दोन गाणी, बेटी नॉइज. लीनावर चढवलेला कॅथीचा बोलता आवाज, जीन हेगन. नृत्य साहाय्य, कॅरल हेनी आणि जीन कॉइन. वाचायला पाच सेकंद लागतात.